निरोपांची रांग

नेल्दा चिग्वाय नेमकं काय काम करते हे तिच्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारणींनी विचारलं की म्हातारी म्हणायची, रेडिओत आहे. मग शेजारणी दुपारी कान देऊन रेडिओ ऐकायच्या, आणि त्यातून नेहमीसारखा निवेदक डॉन आर्तेमियोचाच घोगरा आवाज यायचा. नेल्दाचा चकार शब्द नाही. त्यांनी आपला अंदाज बांधून टाकला, की पोरगी तिथे फरशी पुसत असणार आणि आई लाजेपोटी सांगत नसणार.

अचाव गावच्या धक्क्यासमोर रेडिओच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत डॉन आर्तेमियो, त्याचा माइक आणि त्याचा खोकला. मागच्या खोलीत लाकडाची शेगडी, तिच्यावर कायम उकळणारी किटली, वाळायला टाकलेले लोकरीचे मोजे आणि नेल्दाचा संगणक. पूर्वी लोक खिडकीतून चिठ्ठी आत सरकवायचे. बटाट्याचं बियाणं लाँचने पाठवलंय, धक्क्यावर या. मुलगी झाली, दोघी सुखरूप. दुपारी जेवणाच्या वेळेला डॉन आर्तेमियो ते सगळं वाचून दाखवायचा, आणि बेटाबेटांवर लोक घास हातात धरून ऐकायचे. अजूनही ऐकतात. आमच्या लांबच्या बेटांवर फोनला सिग्नल हवा असेल तर टेकडी चढावी लागते, आणि पावसात टेकडी चढण्याइतकी हौस कुणाला आहे? रेडिओ चुलीपाशी असतोच.

नेल्दा पुएर्तो मोंत शहरात संगणक शिकून परत आली आणि तिने या चिठ्ठ्यांची वेबसाइट केली. आता कास्त्रोच्या इस्पितळातून, दक्षिणेच्या मेंढवाड्यांतून, कुठूनही माणूस निरोप लिहितो आणि बटण दाबतो. निरोप एका रांगेत जाऊन उभा राहतो. पडद्यामागे छोटे छोटे प्रोग्रॅम असतात, नेल्दा त्यांना हमाल म्हणायची. एक हमाल रांगेतला पुढचा निरोप उचलून डॉन आर्तेमियोच्या स्क्रीनवर नेऊन ठेवतो. दुसरा, ज्यांच्याकडे सिग्नल आहे त्यांच्या फोनवर पोचवतो. काम झालं की हमालाने परत येऊन 'झालं' म्हणायचं. आला नाही तर निरोप पुन्हा रांगेत, दुसरा हमाल उचलणार. बऱ्याच खटपटीनंतरही पोचला नाही, तर तो बाजूला एका वेगळ्या जागी जाऊन पडतो, आणि कोणीतरी जिवंत माणसाने येऊन बघावं म्हणून तिथेच थांबतो.

ते जिवंत माणूस म्हणजे नेल्दा. रोज सकाळी मफलर न काढताच ती आधी ते अडलेले निरोप बघायची. कुणाचा नंबर चुकलेला, कुणाच्या बेटाचं नाव अर्धवट. दुसरी कोणी असती तर पुसून मोकळी झाली असती. नेल्दा फोन करायची, लाँचवाल्यांना विचारायची, आणि निरोप ज्याचा त्याला पोचेपर्यंत तिच्या घशाखाली पाव उतरायचा नाही. स्वभावाने मात्र कडक. रांग म्हणजे रांग. एकदा नगरपालिकेतला एक मोठा माणूस आपल्या मेजवानीचं आमंत्रण सगळ्यांच्या आधी वाचा म्हणून अडून बसला, तर ही त्याला म्हणाली, "साहेब, बसा. तुमच्या पुढे एक हरवलेला बैल आहे." बैलाचा निरोप आधी वाचला गेला. त्या माणसाने पुढे वर्षभर तिच्याशी हसून बोलणं टाकलं, आणि तिचं काही अडलं नाही.

माझं मत विचाराल तर अशा माणसांचं कौतुक होत नाही तेच बरं. कौतुक झालं की ती बिघडतात. पण एकदा नेल्दाच्या हातून चूक झाली आणि ती चूक आमच्यातल्या माणसाच्या हातून तरी व्हायला नको होती.

झालं असं, की लोक बटण दाबायचे आणि लगेच काही दिसलं नाही की पुन्हा दाबायचे. कोणी तीनदा, कोणी रागारागाने पाचदा. रांगेत एकच निरोप पाच वेळा उभा. डॉन आर्तेमियो वैतागला. मी काय पोपट आहे का, एका डुकराच्या विक्रीसाठी माझा घसा फोडू का, असं म्हणून त्याने दोन दिवस तोंड फुगवलं. तेव्हा नेल्दाने रांगेला एक नियम शिकवला. तोच माणूस तोच मजकूर आठवड्याच्या आत पुन्हा पाठवत असेल, तर तो दुबार समजायचा आणि गुपचूप गाळायचा. आठवडा अशासाठी, की एकदा वादळाने तारा तुटल्या होत्या आणि जुने निरोप चार दिवसांनी पुन्हा रांगेत येऊन पडले होते. पाठवणाऱ्याचा जीव टांगणीला लागू नये म्हणून त्याला पानावर 'निरोप मिळाला' असंच दिसायचं. नियम पहिल्या दिवसापासून छान चालला. डॉन आर्तेमियोने खूश होऊन तिला घरचं मधाचं भांडं आणून दिलं.

त्याच दिवसांत लिनकाय बेटावरची म्हातारी डोन्या एदेल्मिरा रेमोल्कोय कास्त्रोच्या इस्पितळात पडून होती. छातीत पाणी झालं होतं. उशाशी तिची भाची एर्मिनिया. मुलगा रुपेर्तो बेटावर, कारण जनावरं होती, बायको होती, आणि रोज येणं-जाणं म्हणजे लाँचने उघडी खाडी ओलांडणं. एर्मिनिया रोज सकाळी फोनवरून वेबसाइटवर लिहायची: 'लिनकाय, रुपेर्तो रेमोल्कोय यांच्या घरी. आई आहे तशीच. एर्मिनिया.' रोज तेच शब्द, कारण रोज तेच खरं होतं.

आता आमच्याकडची रीत. इस्पितळातल्या माणसाचा निरोप रोज येतो, आणि ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी घरच्यांनी समजायचं. मरणाची बातमी पहिल्यांदा रेडिओवर सांगत नाहीत, ते बरं दिसत नाही. घरचं कोणी ऐकण्याआधी साऱ्या बेटांनी ऐकावं, हे कसं चालेल? म्हणून निरोप थांबतो. घरातला माणूस काही न बोलता उठतो, शोकाचे काळे कपडे बाहेर काढतो आणि धक्क्यावर जातो. हे कोणी कुणाला शिकवत नाही. नेल्दाही बेटावरचीच. तिचे आजोबा असेच गेले होते. एका दुपारी डॉन आर्तेमियोने त्या दिवसाचे निरोप संपवून गाणं लावलं, आजोबांचा आलाच नव्हता, आणि तिच्या आजीने चुलीवरचं भांडं उतरवून ठेवलं. हे सगळं ठाऊक असून नेल्दाने तो नियम लिहिला. लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर बटण दाबणारी माणसं होती, ऐकणारी नव्हती.

नियमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं आणि उत्तरेचा वारा वाढत चाललेला. डॉन आर्तेमियो मागच्या खोलीत शेकायला आला आणि सहज म्हणाला, "एदेल्मिरा गेली वाटतं. देव तिला जवळ करो. हाताने मोजे विणून द्यायची मला."

नेल्दाने मान वर केली. तिला कुणी तसं कळवलं नव्हतं.

"अगं, काल निरोप नव्हता तिचा," तो म्हणाला. "आजही नाही."

नेल्दाने गाळलेले निरोप उघडले. एर्मिनियाचा कालचा होता. आजचाही होता. दोन्हींवर शिक्का: दुबार. ती त्या ओळींकडे बघतच राहिली. मग तिने एर्मिनियाला फोन लावला. एर्मिनिया म्हणाली, मावशी आहे की, आत्ताच दोन चमचे सूप घेतलं, का गं?

का, ते सांगायलाही वेळ मिळाला नाही. पुढच्या खोलीतल्या लाँचच्या वायरलेसवर लिनकायकडून येणारा एक तांडेल बोलत होता. रुपेर्तो पहाटेच निघाला. एकटाच. लाँचमध्ये सायप्रसच्या फळ्या आहेत, शवपेटीसाठी घासून ठेवलेल्या. तांडेलाने त्याला ओरडून सांगितलं की वारा चढतोय, परत फिर, तर त्याने नुसती टोपी काढून दाखवली. त्याचा वायरलेस बिघडलेला आहे, एवढं तांडेलाला माहीत होतं. बंदर आता कधीही बंद होईल.

ज्याची आई परक्या गावात प्रेत होऊन पडली आहे तो माणूस वाऱ्याला घाबरून थांबत नाही. हे नेल्दाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. एक आशा होती. लाँचवर प्रत्येकाकडे एक छोटा रेडिओ असतो, इंजिनाच्या खोक्यापाशी दोरीने बांधलेला. तो चालू असला तर.

तिने निरोप स्वतः लिहिला आणि रांगेत न घालता सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच. डॉन आर्तेमियोने गाणं मध्येच तोडलं आणि वाचलं: "रुपेर्तो रेमोल्कोय, खाडीत असशील तिथे ऐक. तुझी आई जिवंत आहे. निरोप आमच्या चुकीने थांबला. आई जिवंत आहे. वाऱ्यात पुढे येऊ नकोस. आडोशाला जा आणि थांब." तो वाचत राहिला. बियाण्याचे, बैलांचे, पावत्यांचे निरोप मागे खोळंबून राहिले आणि त्या दिवशी कुणीही तक्रार केली नाही. घराघरांतून लोक खिडकीपाशी जाऊन खाडीकडे बघत होते.

दुपार कलताना एका लहान बेटावरच्या मास्तरणीचा फोन आला. एक लाँच तिथल्या किनाऱ्याच्या खाचेत शिरली होती. आत एक माणूस होता, भिजलेला, फळ्यांवर बसून रडत होता आणि मध्येच हसत होता. नेल्दाच्या जिवात जीव आला. तिने नियम काढून टाकला, पुसला, आणि कुठे त्याचा अंश उरला आहे का ते पुन्हा पुन्हा तपासलं. मग शेगडीपाशी बसून तिने ओठ आवळून धरले. डॉन आर्तेमियो म्हणाला, पोरी, झालं ते झालं, माणूस वाचला. ती म्हणाली, हो.

वारा थांबला नाही. दुसऱ्या दिवशी समुद्र आणखी खवळला, बंदर बंदच. सकाळी नेल्दा नेहमीसारखी अडलेले निरोप बघत होती तेवढ्यात एर्मिनियाचा फोन आला. मावशी पहाटे गेली होती. झोपेतच. एर्मिनिया रडत नव्हती, तिला रडायला अजून सवड नव्हती.

"निरोप नाही पाठवला तर तो निघेल," ती म्हणाली. "या असल्या समुद्रात निघेल, नेल्दा. मी आहे तशीच म्हणून लिहिते. तू जाऊ दे."

नेल्दा फोन धरून खिडकीतून खाडीकडे बघत राहिली.

"बाई, तुझ्या पाया पडते. एका घरात दोन पेट्या नकोत."

थोड्या वेळाने तो निरोप रांगेत आला. तेच शब्द, तेच नाव. नेल्दा त्याच्याकडे बघत बसली. इतकी वर्षं तिने रांगेतला निरोप खरा की खोटा हे कधी पाहिलं नव्हतं, ते तिचं काम नव्हतं. पोचला की नाही एवढंच तिचं काम. कोणी उधारीवर खोटं बोलायचं, कोणी बायकोशी, हमाल बिचारे सगळं सारखंच वाहून न्यायचे. पण हा निरोप खोटा आहे हे तिला माहीत होतं. कालपर्यंत तिच्यामुळे एका माणसाची जिवंत आई मेलेली होती. आज ती मेलेली आई जिवंत ठेवणार होती. गाळला तर माणूस जातो. जाऊ दिला तर उद्या त्याच्या नजरेला नजर कशी द्यायची? तिने जाऊ दिला. डॉन आर्तेमियोला मात्र खरं सांगितलं, त्याच्यापासून लपवणं तिला जमलं नाही. पुढे जे झालं ते बहुधा त्यामुळेच. म्हाताऱ्याने तो निरोप वाचला, पण 'आहे तशीच'च्या आधी त्याचा आवाज जरासा अडला. खोकला म्हणावा इतकाच. पुढच्या दुपारीही तसंच झालं.

मग वारा पडला आणि रुपेर्तो आला. धक्क्याला लाँच बांधून तो कास्त्रोच्या बसकडे गेला नाही, सरळ रेडिओच्या दारात येऊन उभा राहिला. चाळिशीचा, खांदे पडलेला, दाढी वाढलेली, स्वेटरला मिठाचे डाग. नेल्दा उठून उभी राहिली. तिने ठरवून ठेवलेलं सगळं त्याला सांगितलं, काही न वगळता. नियम तिने लिहिला होता. आधीचं मौन तिच्यामुळे होतं. आणि नंतरचे निरोप खोटे होते, तेही ठाऊक असून तिनेच जाऊ दिले.

रुपेर्तोने ऐकून घेतलं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि शेगडीजवळच्या बाकावर बसला. नेल्दाने त्याच्या हातात गरम पेला दिला तो त्याने तसाच धरून ठेवला.

"निरोप थांबला त्या दिवशी, त्या रात्री मी तिच्यासाठी रडून घेतलं," तो म्हणाला. "लाँचमध्ये फळ्या घातल्या तेव्हा माझं सगळं रडून झालं होतं. आणि मग तुम्ही म्हणालात, आहे. त्या खाचेत मी चूल पेटवली, बटाटे भाजले. रात्रभर तिला काय काय सांगायचं ते मनात लावत बसलो. मागच्या उन्हाळ्यात मी तिला टाकून बोललो होतो. ते आधी सांगायचं ठरवलं."

नेल्दा म्हणाली, आपल्यामुळे ते राहून गेलं. तो तसाच पुढे आला असता तर कदाचित आई भेटली असती.

"नाहीतर आईच्या आधी पोचलो असतो," रुपेर्तो म्हणाला, आणि वर बोट दाखवलं. मग तो पुढच्या खोलीकडे बघत म्हणाला, "दुसऱ्या दिवशी मला कळलं होतं. डॉन आर्तेमियोला खोटं वाचता येत नाही. पण मी म्हटलं, एवढी माणसं मिळून सांगतायत की आहे, तर आज राहू दे तिला. मीही राहू दिली."

नेल्दाला वाटलं होतं की तो ओरडेल, आणि ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. ज्या चुकीची ती माफी मागायला उभी होती, त्या चुकीबद्दल तो अवाक्षर बोलला नव्हता. तो तिच्यावर रागावला नव्हता आणि त्याने तिला माफही केलं नव्हतं. जे झालं ते त्याने सगळंच्या सगळं आपलं म्हणून घेतलं होतं, चांगलं वाईट न निवडता. हे तिला रागापेक्षा जड गेलं. ती रडली, आणि तो उठून खिडकीबाहेर बघत राहिला, तिला मोकळेपणा मिळावा म्हणून.

जाण्याआधी त्याला घरी निरोप पाठवायचा होता. बायकोला, आणि बेटावरच्या सगळ्यांना. बोटं फुटलेली होती, त्याला टाइप करता येईना. नेल्दाने खुर्ची पुढे ओढली.

"तू लिही," तो म्हणाला. "पण आता खरं लिही."

तिने लिहिलं. डोन्या एदेल्मिरा रेमोल्कोय वारली. मुलगा तिला घेऊन रविवारी येतो आहे. धक्क्यावर यावं. लिहून झाल्यावर तिने विचारलं, सगळ्यांच्या पुढे ठेवू का? ती सहज ठेवू शकली असती, कुणी हरकत घेतली नसती.

रुपेर्तोने मानेनेच नको म्हटलं. "तिचा नंबर येईल तेव्हा येऊ दे. तिला घाईने न्यायला मी तरी सांगणार नाही."

दुपारचे निरोप सुरू झाले. तो बाकावर टोपी धरून बसून राहिला, बस चुकली तरी उठला नाही. डॉन आर्तेमियोने कुणाच्या लाँचच्या वेळा वाचल्या, कुणाची गाभण गाय विकायची आहे ते वाचलं, शाळेची सुट्टी वाढल्याचं वाचलं. रांग हळूहळू पुढे सरकत होती. नेल्दा स्क्रीनकडे बघत होती आणि रुपेर्तो नेल्दाकडे. पुढे एकच निरोप उरला तेव्हा तिने त्याच्याकडे बघून मान डोलावली. तो उभा राहिला, स्वेटर खाली ओढून नीट केला, आणि आईचं नाव ऐकायला दारापाशी जाऊन थांबला.